जिवाणूंची कसोटी

टायफॉईडचा जिवाणू आणि आपल्या आतड्यात जन्मभर गुण्यागोविंदानं नांदणारा ई. कोलाय, या दोघांना सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवलं, तर कसलेला तज्ज्ञही नुसतं बघून त्यांतला कोण कुठला हे सांगू शकत नाही. दोघंही काडीच्या आकाराचे. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या दोन-तीन भागांएवढी त्यांची लांबी. ग्रॅम नावाच्या पद्धतीनं रंगवले तर दोघंही गुलाबी होतात. दोघांच्याही अंगाला पोहण्यासाठी बारीक शेपट्या असतात. मात्र एक माणसाला तीन-चार आठवडे अंथरुणाला खिळवतो, वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही घेतो. दुसरा बहुधा कुणाच्या वाटेला जात नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो. इथे तर दोघं दिसतात एकसारखे, आणि म्हणून फसण्याची भीती अधिक.

मग प्रयोगशाळेतून येणाऱ्या कागदावर 'साल्मोनेला टायफी आढळला' असं ठामपणे लिहिलेलं असतं, ते कशाच्या जोरावर? आज याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

मी कवी माणूस, आणि पदवी बी.ए.ची. विज्ञानाशी माझा संबंध एरवी डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता. पण माझी एक भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि प्रयोगशाळेत काम करू लागली. तिला प्रश्न विचारता विचारता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती जे काम करते त्यासाठी मराठीत आधीपासून एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे कसोटी. कसोटी हा मुळात सोनाराकडचा काळा दगड. सोनार दागिना हातात घेतो, त्याची चमक पाहतो, पण चमकेवर विश्वास ठेवत नाही. तो दागिना दगडावर घासतो, उमटलेल्या रेघेवर आम्ल लावतो आणि रेघेचं काय होतं ते बघतो. प्रयोगशाळेत दगडाच्या जागी काचेची किंवा प्लॅस्टिकची उथळ बशी असते. तिच्यावरही रेघाच ओढतात, आणि तिथेही आम्लच सगळं गुपित फोडतं.

ही कसोटी का लागली, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या युरोपात जावं लागेल. कार्ल एबर्ट यांनी १८८० मध्ये टायफॉईडनं दगावलेल्या रुग्णांच्या शरीरात एक काडीसारखा जिवाणू पाहिला. गेऑर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. रोगी सापडला, रोगजंतू सापडला, आता प्रश्न मिटला असं वाटण्याजोगी परिस्थिती होती. पण १८८५ मध्ये थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञांनी निरोगी तान्ह्या बाळांच्या शौचात तशाच काड्या दाखवल्या. त्यांच्याच नावावरून पुढे त्या जिवाणूला एशरिशिया कोलाय, म्हणजे आपला ई. कोलाय, हे नाव मिळालं. टायफॉईड सांडपाण्यातून पिण्याच्या पाण्यात उतरतो हे तोवर कळून चुकलं होतं. शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याला पाण्यात टायफॉईडचा जंतू शोधायचा असे. पण सांडपाण्यात ई. कोलाय अमाप, टायफॉईडचा जंतू अगदी थोडा, आणि दोघांचा चेहरा एकच. जत्रेच्या गर्दीत जुळ्या भावांपैकी एकाला हुडकण्यासारखं हे काम होतं.

जिवाणू वेगळा काढायचा तर त्याला घट्ट पृष्ठभागावर वाढवावं लागतं. पातळ रसात सगळे मिसळतात. रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर प्रयोग केले, मग जिलेटिन वापरलं. पण जिलेटिन पंचवीस-तीस अंशांच्या पुढे पाघळू लागतं. माणसाच्या रोगजंतूंना सदतीस अंशांची ऊब लागते. शिवाय कित्येक जिवाणू जिलेटिनच खाऊन त्याचं पाणी करतात. यावर तोडगा निघाला तो स्वयंपाकघरातून. कॉख यांच्याकडे काम करणारे वाल्टर हेस उन्हाळ्यात वितळणाऱ्या बशांनी त्रासले होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी अगार-अगार सुचवलं. त्या स्वतः जेली घट्ट राहण्यासाठी ते वापरत. जावा बेटात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून त्यांच्या घरी ती रीत आली होती. हे साल १८८१.

अगार म्हणजे लाल समुद्रशेवाळापासून काढलेला पदार्थ. आपल्या वाण्याकडे तो चायना ग्रास या नावानं मिळतो. रमजानच्या दिवसांत आमच्या घरी दूध, साखर आणि चायना ग्रास यांची थंडगार वडी होते, तीच ही वस्तू. पाण्यात उकळली की विरघळते, चाळीस अंशांच्या आसपास निवली की थिजते, आणि एकदा थिजली की सदतीस अंशांत दिवसच्या दिवस ठेवली तरी हलत नाही. बहुतेक जिवाणूंना ती पचतही नाही. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवरच्या आपल्या निबंधात अगारचा उल्लेख केला, पण फॅनी हेस यांचं नाव घेतलं नाही. १८८७ मध्ये ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी वापरात आणली, आणि त्या बशीला त्यांचं नाव मिळालं. आजही जगभरच्या प्रयोगशाळा रोज सकाळी पेट्रीचं नाव घेतात. फॅनीबाईंनी सुचवलेला पदार्थ त्या बशीत थिजून पडलेला असतो.

बशी तयार झाली, पण तिच्यावर ई. कोलाय आणि टायफॉईड दोघंही वाढत होते, आणि दोघांचे ठिपके सारखेच दिसत होते. हा पेच सोडवणाऱ्यांत महत्त्वाचं नाव आहे लिव्हरपूलच्या आल्फ्रेड मॅकॉन्की यांचं. १९०० मध्ये त्यांनी आपल्या माध्यमाची पहिली टिपणी प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी ब्रिटनमधल्या सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा अभ्यास करणाऱ्या रॉयल कमिशनसाठी काम केलं. १९०५ मध्ये शौचातल्या, दुधाची साखर आंबवणाऱ्या जिवाणूंवर त्यांनी सविस्तर लिहिलं. या काळात इतरांच्या सूचनांचीही भर पडत गेली आणि आजचं 'मॅकॉन्की अगार' घडलं. सव्वाशे वर्षं झाली, पण ते अजून रोजच्या वापरात आहे. मुंबईतली हायमीडियासारखी कंपनी त्याची कोरडी भुकटी बनवते. ती पाण्यात कालवून, उकळून, निर्जंतुक करून बशीत ओतली की काम झालं.

या माध्यमाची पाककृती ऐकण्यासारखी आहे. लिटरभर पाण्यात सुमारे पंधरा ग्रॅम अगार, ते घट्टपणासाठी. पंधरा-वीस ग्रॅम पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेली प्रथिनं, हे सगळ्यांचं जेवण. चिमूटभर मीठ. मग पित्तक्षार. दहा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. आणि शेवटी न्यूट्रल रेड नावाचं रंगद्रव्य, तेही काही मिलिग्रॅमच. हे सगळं ऑटोक्लेव्हमध्ये एकशे एकवीस अंशांवर पंधरा मिनिटं ठेवतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे घरच्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ, तत्त्व तेच.

यातला प्रत्येक जिन्नस एक प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न पित्तक्षारांचा, तुला पित्त सोसतं का? आपल्या आतड्यात यकृताकडून पित्त उतरतं. तिथे राहणाऱ्यांना त्याची सवय असते. कातडीवरचे, हवेतले, धुळीतले कितीतरी जिवाणू पित्तक्षारांत तग धरत नाहीत. बशी उघडताना ते आत पडले तरी वाढत नाहीत. म्हणजे हा दारावरचा पहारेकरी. दुसरा प्रश्न लॅक्टोजचा, दुधातली साखर तुला खाता येते का? ई. कोलायला ती येते. ती आंबवताना तो आम्ल सोडतो. दुधाचं दही होताना जे घडतं त्याच जातीचं हे काम, करणारे जिवाणू वेगळे एवढंच. आम्ल पसरलं की न्यूट्रल रेड तांबडं होतं आणि ई. कोलायची वसाहत गडद गुलाबी दिसू लागते. टायफॉईडच्या जंतूला लॅक्टोज खाता येत नाही. तो पेप्टोनवर भागवतो, आम्ल करत नाही, आणि त्याची वसाहत फिकट, जवळजवळ रंगहीन राहते. आमांशाचा शिगेलाही तसाच. जपानमधल्या साथीत कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये शोधलेला तो हा जिवाणू.

पहिला प्रश्न नको असलेल्यांना बाहेर ठेवतो, दुसरा आत आलेल्यांची विभागणी करतो. चेहऱ्यावरून जे कळत नव्हतं ते खाण्यावरून कळलं. ज्याचं नाव ऐकताच लोक 'अरे वा, तुम्ही मराठीत लिहिता?' असं विचारतात, अशा माझ्यासारख्याला ही रीत मनापासून पटली. नाव नको, रूप नको, तू करतोस काय तेवढं दाखव.

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं? शौचाचा कणभर नमुना तारेच्या वेटोळ्यावर घेतात आणि बशीच्या एका कडेला सारवतात. मग तार ज्योतीवर लाल करून, थंड करून, त्या सारवलेल्या भागातून पुढे रेघा ओढतात. पुन्हा तार तापवायची, पुन्हा पुढच्या भागात रेघा. दरवेळी जिवाणू विरळ होत जातात आणि शेवटच्या रेघांवर ते एकेकटे पडतात. मग बशी सदतीस अंशांच्या कपाटात रात्रभर ठेवायची. सोईची परिस्थिती असेल तर ई. कोलाय वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो. रात्रीत एकाचे कोट्यवधी होतात आणि सकाळी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे वसाहत, एकाच पूर्वजाचं सगळं गोत. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो. इथे एका शिताचाच अख्खा भात करून त्याची परीक्षा घेतात.

अशी एक बशी भाचीनं मला फोटोत दाखवली. गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत दोन-तीन फिके ठिपके होते. मी लगेच म्हणालो, 'म्हणजे हा टायफॉईड!' ती हसली. 'मामू, रंग बघून आम्ही संशय घेतो. निकाल नाही देत.'

तिचं हे वाक्य या साऱ्या शास्त्राचं मर्म आहे असं मला वाटतं. फिका ठिपका टायफॉईडचा असू शकतो, शिगेलाचा असू शकतो, तसाच प्रोटियस किंवा स्यूडोमोनासचाही असू शकतो. यांतले काही त्या रुग्णाच्या आजाराशी संबंध नसलेले, सहज आलेले पाहुणे असतात. उलट गुलाबी ठिपका म्हणजे सज्जनपणाचा दाखलाही नाही. ई. कोलायच्याच काही जाती जुलाब लावतात, आणि त्याही गुलाबीच दिसतात. शिगेलाची एक जात तर लॅक्टोज उशिरा, दोन-चार दिवसांनी आंबवते. पहिल्या दिवशी फिकी, नंतर गुलाबी. म्हणजे वेळ चुकली तरी फसगत होते.

म्हणून फिक्या ठिपक्यांना दुसऱ्या कसोटीला लावतात. नमुना पहिल्या दिवशीच आणखी एखाद्या वेगळ्या बशीवरही ओढलेला असतो. त्यातली एक नामांकित बशी म्हणजे एक्सएलडी. ती १९६५ मध्ये शिकागोच्या वेल्टन टेलर यांनी तयार केली. हे कृष्णवर्णीय अमेरिकी शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांची बशी मुळात लाल रंगाची असते, आणि तिच्यात आम्ल झालं की ती पिवळी पडते. इथे प्रश्न तीन. पहिला, झायलोज नावाची साखर खातोस का? शिगेला सहसा खात नाही, म्हणून लाल राहतो. साल्मोनेला खातो, म्हणून पिवळा व्हायला हवा. पण दुसरा प्रश्न असतो लायसिनचा, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकाचा. साल्मोनेला झायलोज संपवून लायसिनकडे वळतो, त्यातून अल्कली तयार होते आणि तो पुन्हा लाल होतो. ई. कोलायलाही लायसिन चालतं, पण बशीत लॅक्टोज आणि आपली नेहमीची साखर भरपूर ठेवलेली असते. त्यांचं तो इतकं आम्ल करतो की पिवळाच राहतो. मग साल्मोनेला आणि शिगेला दोघंही लाल, त्यांच्यात फरक कसा करायचा? तिसरा प्रश्न गंधकाचा. साल्मोनेला गंधकाच्या क्षारापासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करतो. तो बशीतल्या लोहाशी मिळून काळा पडतो. लाल वसाहतीच्या मध्यभागी काळा ठिपका, ही साल्मोनेलाची खूण. त्यातही टायफॉईडचा जंतू हा वायू अगदी थोडा करतो, म्हणून त्याचा काळा ठिपका बारीक असतो, कधी नसतोही. खूण आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

यानंतर एकेक संशयित ठिपका उचलून नळ्यांमध्ये आणखी प्रश्न विचारतात. युरिया फोडतोस का? प्रोटियस झटकन फोडतो आणि तिथेच त्याची सुटका होते. ग्लुकोज खाताना वायू सोडतोस का? ई. कोलाय सोडतो, टायफॉईडचा जंतू सोडत नाही. शेवटी काचेच्या पट्टीवर त्या जिवाणूचं पाणी आणि विशिष्ट प्रतिद्रव्याचा थेंब मिसळतात. ओळख जुळली तर नासलेल्या दुधासारख्या गाठी दिसतात. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार अशा पद्धतीनं नोंदले गेले आहेत. इतक्या पायऱ्या चढल्यावर कागदावर ती एक ओळ उमटते. त्याला दोन-तीन दिवस लागतात. अलीकडे मोठ्या रुग्णालयांत यंत्रं आली आहेत. ती वसाहतीतल्या प्रथिनांची छाप घेऊन काही मिनिटांत नाव सांगतात. पण तिथेही आधी बशीवर वसाहत वाढावी लागते.

प्रत्येक रोगाला त्याच्या चालीनं प्रश्न विचारावा लागतो. कॉलऱ्याचा जंतू कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात अभ्यासला. तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही तो त्यांना मिळाला. स्वल्पविरामासारखा वाकडा हा जंतू अल्कलीत खूश असतो. आतड्यातल्या इतरांना तितकी अल्कली मानवत नाही. म्हणून त्याला आधी अल्कलीयुक्त पेप्टोनच्या पाण्यात काही तास वाढवतात, मग टीसीबीएस नावाच्या हिरव्या बशीवर नेतात. तो साखर आंबवतो आणि हिरव्या बशीवर पिवळे ठिपके उमटतात. ई. कोलायचीही एक घातक जात आहे, ओ-१५७ नावाची. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन आणि मिशिगन राज्यांत हॅम्बर्गर खाऊन लोकांना रक्ताचे जुलाब झाले, तेव्हा ती ओळखू आली. १९९३ मध्ये तिच्याच साथीत सातशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. ही जात लॅक्टोज खाते, त्यामुळे मॅकॉन्कीच्या बशीवर बाकीच्या ई. कोलायमध्ये बेमालूम मिसळते. मग शास्त्रज्ञांनी लॅक्टोजच्या जागी सॉर्बिटॉल घातलं. ते बहुतेक ई. कोलाय खातात, ही जात खात नाही. प्रश्नातला एक शब्द बदलला आणि लपलेला उघडा पडला.

ई. कोलायची आणखी एक भूमिका आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेली आहे. पावसाळ्यात गॅस्ट्रोची लागण झाली की गावातल्या पाण्याचे नमुने तपासायला जातात. तिथे प्रत्येक रोगजंतू शोधत बसत नाहीत. शोधतात ई. कोलाय आणि त्याच्या जवळच्या नातलगांना. ते पाण्यात आढळले याचा अर्थ त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि विष्ठेबरोबर काहीही येऊ शकतं. इथे ई. कोलाय आरोपी नसतो, साक्षीदार असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये.

या बशीला सगळं दिसतं असंही नाही. आपल्या आतड्यातले बहुसंख्य जिवाणू प्राणवायूशिवाय जगणारे आहेत. उघड्या हवेतल्या बशीवर ते वाढतच नाहीत. ज्याच्यावरून हे सगळं शास्त्र उभं राहिलं तो ई. कोलाय आतड्यातल्या शंभरांत एकही भरत नाही. आज त्या मोठ्या वस्तीची शिरगणती जनुकांच्या वाचनानं होते. मॅकॉन्कीची बशी त्यासाठी नाहीच. रोगी समोर आहे, त्याला कुणी आजारी पाडलं आणि कुठल्या औषधानं तो बरा होईल, एवढ्याच मोजक्या प्रश्नांसाठी ती आहे.

निकालाची घाई किंवा त्याचं वजन माणसाच्या आयुष्यावर कसं पडतं, याची एक जुनी गोष्ट न्यूयॉर्कमधली आहे. मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण. ती जिथे जिथे नोकरीला लागे तिथे टायफॉईड होई. ती मात्र ठणठणीत. १९०७ मध्ये तिच्या शौचात टायफॉईडचे जंतू सापडले. टायफॉईड होऊन गेलेल्यांतल्या शंभरातल्या काही जणांच्या पित्ताशयात हा जंतू ठाण मांडून बसतो. पित्त सोसण्याचा जो गुण त्याला बशीवर वाढू देतो, तोच त्याला पित्ताशयात लपू देतो. मेरीला हे पटलंच नाही. मी आजारी नाही तर माझ्यात रोग कसा, असं ती म्हणे. एका बेटावर तिला ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात साथ आली, तेव्हा ती नाव बदलून तिथे स्वयंपाक करताना आढळली. मग १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. त्या शहरात तिच्यासारखे इतरही वाहक सापडले, पण इतकी लांब कैद तिच्याच वाट्याला आली. बशी जंतूचं नाव सांगते. त्या माणसाशी कसं वागायचं ते माणसांनी ठरवायचं असतं.

आता आपल्याकडची गोष्ट. ताप आला, दोन दिवस उतरला नाही, की आपण दुकानातून एखादं अँटिबायोटिक आणतो. ते घेऊन भागलं नाही की डॉक्टरांकडे जातो आणि मग रक्त किंवा शौच तपासायला देतो. तोवर औषधानं जंतू अर्धमेले झालेले असतात, बशीवर उगवत नाहीत. कागदावर 'काही आढळलं नाही' असं येतं. रोग शरीरात असतोच. टायफॉईडमध्ये पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर उपयोगी, शौचात जंतू नंतर दिसू लागतात. रक्ताच्या कल्चरमध्येही दहातले सहाएक रुग्णच सापडतात. त्यात आधी औषध घेतलं असेल तर तेही निसटतात.

अनेकांना विडाल तपासणी माहीत असते. १८९६ मध्ये फर्नांड विडाल यांनी दिलेली ही तपासणी झटपट आणि स्वस्त. पण ती जंतूला बघत नाही, जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं बघते. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल किंवा दुसराच एखादा ताप असेल तरी ती होकार देऊ शकते. आजार नवा असेल तर नकारही देऊ शकते. एकट्या विडालवर टायफॉईड ठरवणं म्हणजे गावात एकदा येऊन गेलेल्याला आजच्या चोरीत धरणं.

आणि कल्चरचा सगळ्यात मोठा फायदा नावाच्या पुढचा आहे. बशीवर जिवंत जंतू हाताशी असतो, त्याच्यासमोर निरनिराळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवता येतात. ज्या चकतीभोवती वाढ थांबून मोकळं वर्तुळ दिसतं ते औषध लागू पडण्याची शक्यता. तासाभरात जनुकं ओळखणाऱ्या नव्या तपासण्या जंतूचं नाव लवकर सांगतात, पण अशी उलटतपासणी घ्यायला जिवंत जंतू लागतो. टायफॉईडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे रामबाण औषध मानलं जाई. १९७२ मध्ये केरळातल्या कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या टायफॉईडची साथ नोंदली गेली. पुढे एकेक औषध हातचं गेलं. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात हैदराबादला अशी साथ सुरू झाली की, नेहमीची तोंडावाटे द्यायची बहुतेक औषधं निकामी ठरलीच, इस्पितळात शिरेतून दिलं जाणारं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही निकामी ठरलं. हे कळलं ते कुणाच्या अंदाजानं नव्हे, बशीवरच्या चकत्यांमुळे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं टायफॉईडची नवी संयुग्म लस देण्याची मोहीम घेतली आणि पहिल्या टप्प्यात लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सार्वजनिक पातळीवर या लशीची जगातली ती पहिली मोहीम होती. अशी मोहीम कुठे हवी, ती लागू पडली का, हे ठरवायलाही खरे, पक्के, कल्चरनं सिद्ध झालेले रुग्ण मोजावे लागतात. अंदाजावर काढलेल्या आकड्यांवर हे ठरवता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणाला चार दिवसांवर ताप राहिला किंवा रक्त पडणारे जुलाब झाले, तर क्रम लक्षात ठेवावा. आधी डॉक्टर, डॉक्टरांनी सांगितलं तर आधी नमुना, मग औषधाची पहिली गोळी. रुग्णाची अवस्था गंभीर असेल तर डॉक्टर निकालाची वाट बघणार नाहीत, लगेच औषध सुरू करतील, आणि ते योग्यच आहे. पण नमुना घ्यायला पाच मिनिटं पुरतात, आणि तो आधीच दिलेला असला तर तिसऱ्या दिवशी औषध बदलायचं की तेच ठेवायचं हे कळतं. नमुना स्वच्छ डबीत, लघवी मिसळू न देता द्यावा, आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. शिगेला नाजूक असतो, डबीत फार वेळ राहिला तर वाटेतच मरतो. 'रिपोर्टला तीन दिवस का लागतात?' असा प्रश्न खिडकीवर हमखास ऐकू येतो. पहिल्या रात्री ठिपके उगवतात, दुसऱ्या दिवशी संशयिताची उलटतपासणी होते, तिसऱ्या दिवशी औषधांची परीक्षा. कुणाला निष्कारण दोषी ठरवायचं नाही, कुणाला निष्कारण सोडायचं नाही, यासाठी एवढा वेळ लागतोच. तेवढा तो द्यावा.